येसकराची काठी आणि मतदार यादी

"मताचा हक्क आपल्याला फुकट मिळाला, त्यासाठी झगडावे लागले नाही," असे परवा पुन्हा ऐकले. बोलणारा आपलाच, शिकलेला तरुण. म्हणून हे लिहितो आहे.

१९१९ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत खेड्यातल्या माणसाला मत हवे असेल तर ३२ रुपये साऱ्याची जमीन लागे. महारवाड्यात एवढी जमीन कोणाकडे होती? हा कायदा होण्यापूर्वीच, जानेवारी १९१९ मध्ये, बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा असे सांगितले होते. सायमन कमिशनच्या वेळी तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकारच मागितला. मोठमोठे पुढारी तेव्हा अडाण्याला मत कसे द्यायचे या काळजीत होते!

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात आपल्या आयाबहिणीही होत्या. त्यांच्यातल्या किती जणी मतदार असतील?

पुढे १९३५ चा कायदा आला. साऱ्याची अट ८ रुपयांवर आली. अनुसूचित जातींसाठी वेगळी सवलत ठेवली, आणि ती नीट वाचा मित्रांनो. माणूस साक्षर असला तर मत. नाहीतर मागच्या वर्षात त्याने कनिष्ठ गावनोकराचे काम केलेले असले तर मत. म्हणजे जमीन नाही, अक्षर नाही, अशा महाराला मतदार यादीत जायची वाट येसकराच्या काठीवरून जात होती. सरकारी टपाल वाहा, मेलेले ढोर ओढा, तराळकी करा आणि मत द्या. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच कायदेमंडळात विधेयक आणले, तेच वतन मताची पात्रता ठरले. ज्याने स्वाभिमानाने ती कामे टाकली आणि ज्याला शाळेने उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्याने काय करायचे? याला मी सवलत म्हणायला तयार नाही. तरीही ती नाकारून चालले नसते, हेही खरे.

कारण १९३७ ची निवडणूक याच यादीवर झाली. मुंबई इलाख्यात राखीव जागेच्या मतदारसंघात मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. थोड्या मतदारांनी एकजूट केली तर त्यांचा माणूस येऊ शकत होता. नाशिक पश्चिममधून स्वतंत्र मजूर पक्षाचे भाऊराव कृष्णराव गायकवाड निवडून आले. काळारामच्या लढ्यात पुढे असलेले आपले दादासाहेब! देवळाचा दरवाजा उघडला नव्हता, पण दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस कायदेमंडळात जाऊन बसला.

सारा, साक्षरता, वतन या सगळ्या अटी संविधानाच्या कलम ३२६ ने पुसल्या. कनिष्ठ वतने जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे १९५२ आणि १९५७ ला मत देणाऱ्या आपल्या कित्येक आजोबांच्या माथी वतन तसेच होते.

आज पेठ-सुरगाण्याचा मजूर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत असतो आणि त्याचे नाव गावच्या यादीत. मतदानाच्या दिवशी रोज बुडवून, एसटीचे भाडे भरून त्याने जायचे. वस्तीतल्या पोरांनी यादी हातात घेऊन एकदा घरोघर फिरावे. कोणाचे नाव आहे, कोणाचे गळाले, हे निवडणूक जाहीर होण्याआधी कळले पाहिजे.