भोर घाट आणि अग्निसूचना-फलक : मौनाच्या अर्थाचा एक ऐतिहासिक विचार

संकटाची सूचना देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेपुढे एक मूलभूत प्रश्न असतो : तिच्या मौनाचा अर्थ काय समजावयाचा? घंटा वाजत नाही, ती संकट नाही म्हणून, की तार तुटली आहे म्हणून? इमारतीतील अग्निसूचना-फलकाची रचना व चाचणी यांचा विचार या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो. त्याचे एक जुने व बोधप्रद उत्तर मावळच्या पश्चिम कडेवर, भोर घाटाच्या लोहमार्गावर पाहावयास मिळते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या या मार्गावर २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस १ फूट अशी होती. अशा उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी थोपविणे मनुष्यबळास अशक्य. म्हणून घाटात कॅच सायडिंग, म्हणजे निसटलेल्या गाडीचा वेग चढणीवर जिरविणारे आडमार्ग, बांधण्यात आले. त्यांतील मर्म बांधकामापेक्षा सांध्यांच्या ठेवणीत आहे. सांधे एरवी मुख्य मार्गाकडे नव्हे, तर आडमार्गाकडेच वळविलेले असतात. उतरणारी गाडी प्रथम थांबते. ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले, तरच सांधे मुख्य मार्गास जोडले जातात. सुरक्षितता येथे गृहीत धरलेली नसून ती प्रत्येक गाडीने नव्याने सिद्ध करावयाची असते.

हेच तत्त्व विजेच्या क्षेत्रात विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बंद विद्युन्मंडलात आढळते. रुळांतून सतत वाहणारा क्षीण प्रवाह रिलेला उचलून धरतो. गाडी आली की तो प्रवाह तिच्या चाकांतून वळतो, रिले पडतो व सिग्नल धोका दर्शवितो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तरी परिणाम तोच. बिघाड आणि धोका यांत येथे भेद केला जात नाही. कारण गाडी थांबविणे हाच दोन्ही प्रसंगी योग्य उपाय होय.

आगीच्या सूचनेत मात्र हा अभेद परवडणारा नाही. १८५२ मध्ये बॉस्टन शहरात चॅनिंग व फार्मर यांच्या योजनेनुसार तारायंत्राने आगीची वर्दी देण्यास प्रारंभ झाला. त्या परंपरेत वाढलेल्या आजच्या यंत्रणेत प्रत्येक तुटलेल्या तारेस आग मानले, तर इमारत वारंवार रिकामी करावी लागेल आणि लोक घंटेकडे दुर्लक्ष करू लागतील. म्हणून फलकास तिसरी अवस्था देण्यात आली. साध्या फलकात तारेच्या शेवटी एक रोधक बसवून क्षीण प्रवाह चालू ठेवतात. प्रवाह खंडित झाला तर बिघाड, शोधक कार्यान्वित होऊन तो वाढला तर आग, आणि ठराविक राहिला तर स्वस्थता. प्रत्येक शोधकास स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या फलकात फलकच शोधकांना क्रमाने विचारतो. उत्तर न आल्यास बिघाड नोंदविला जातो.

तथापि या स्वयंनिरीक्षणास मर्यादा आहेत. तार शाबूत आहे हे फलक जाणतो. पण ज्या क्रमांकापुढे ‘दुसरा मजला’ लिहिले आहे तो शोधक वस्तुतः तळघरात बसविला असल्यास ते त्यास कळत नाही. धूलिरोधक टोपण काढावयाचे राहिले, तरीही शोधक फलकास नियमितपणे उत्तर देत राहू शकतो. म्हणून प्रत्येक शोधकापाशी चाचणीचा धूर नेऊन योग्य नाव उमटते काय, ठरलेल्या घंटा वाजतात काय, उद्वाहन ठरलेल्या मजल्यावर येते काय, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

लोणावळ्याच्या हवेत आणखी एक अडचण संभवते. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणाऱ्या शोधकास धूर व धुके यांतील भेद नीट कळत नाही. पावसाळ्यात खिडकीतून आत शिरलेले धुकेही खोटी वर्दी देऊ शकते. अशा वेळी तो विभाग बंद करून ठेवण्याचा मोह होतो, आणि बंद केलेला विभाग पुन्हा चालू करावयाचा राहून जातो. शोधकाची जात व जागा बदलणे हा उपाय. त्यास मूक करणे हा नव्हे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनाविषयक अधिनियमाने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर दर जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करण्याचे बंधन घातले आहे. परवानाधारक संस्थेच्या या प्रमाणपत्रामागे प्रत्यक्ष चाचणी नसेल, तर ते केवळ फलकावरील हिरव्या दिव्याची नक्कल ठरते. घाटात गाडी थांबल्याची नुसती नोंद पुरत नाही. ती थांबावी लागते. यंत्रणेच्या मौनावर विसंबून माणसे रात्री निश्चिंत झोपतात. ते मौन विश्वासार्ह ठरावयाचे, तर यंत्रणेस वेळोवेळी बोलते करून पाहणे अपरिहार्य आहे.