दोन मिलिमीटरची गोष्ट

मागच्या शनिवारी काकांनी कपाट आवरायला काढलं आणि एक जुनी रेक्झिनची बॅग माझ्या हातात दिली. आत कॅनन एई-१ आणि एफडी माउंटच्या तीन लेन्स. "बघ रे, वापरणार असशील तर ठेव, नाहीतर विकून टाक." आता आली का पंचाईत! बंद पडलेल्या सिस्टिममध्ये जीव (आणि पैसे) अडकवायचे, की सरळ नवीन काहीतरी घ्यायचं? निर्णय घेण्याआधी म्हटलं जरा इतिहास बघू, आणि रविवार त्यातच गेला. :)

एफडी माउंट आला १९७१ मध्ये, एफ-१ कॅमेऱ्याबरोबर. १९७६ चा एई-१ म्हणजे मायक्रोप्रोसेसर असलेला पहिला एसएलआर. सगळं छान चाललं होतं. मग १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा आणला आणि बाकीच्यांची झोप उडाली. कॅननने त्याच वर्षी एफडी माउंटवरच ऑटोफोकस बसवून टी८० काढला. लेन्सला मोटरचं टेंगूळ, फोकस संथ. तो काही चालला नाही. १९८६ मध्ये टी९० आला, अप्रतिम कॅमेरा, पण फोकस हातानेच. आणि मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५०, नव्या ईएफ माउंटसह. जुन्या लेन्स त्यावर बसेनात. आदल्या वर्षी टी९० घेतलेल्या माणसाचं काय झालं असेल, विचार करा!

बरं, मधे अडॅप्टर का नाही टाकायचा? इथेच खरी मेख आहे. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीमध्ये ४२ मिमी, ईएफमध्ये ४४ मिमी. म्हणजे एफडी लेन्स नव्या बॉडीवर कशीही बसवली तरी ती फिल्मपासून किमान २ मिमी जास्त लांब राहणार. अशी लेन्स जवळचं दाखवते, पण लांबचा डोंगर कधीच शार्प येत नाही. काच घातलेला एक कन्व्हर्टर कॅननने काढला होता, पण तो मोजक्या टेलिफोटो लेन्सपुरताच, आणि चित्र १.२६ पट मोठं करणारा.

मग हे केलं तरी कशाला? एफडीमध्ये अ‍ॅपर्चरचा निरोप लेन्सला पोचवायला यांत्रिक दांडे होते. ईएफमध्ये ते सगळं काढून टाकलं. ५४ मिमी रुंद तोंड, फक्त विजेचे कॉन्टॅक्ट्स, आणि मोटर प्रत्येक लेन्सच्या आत. निकॉनने उलटा रस्ता धरला. १९५९ चा एफ माउंट तसाच ठेवला आणि १९८६ च्या एफ-५०१ मध्ये मोटर बॉडीत घातली. जुनं गिऱ्हाईक खूश, पण पुढे कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर किती चालते याचा तक्ता वाढतच गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाने सगळं नव्याने लिहिलं, दुसऱ्याने जुन्या कोडवर इफ-एल्स चढवले. ज्याने लेगसी कोड सांभाळलाय त्याला दोघांचंही पटेल.

खेळांचे किंवा बातम्यांचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला फार पर्याय नव्हता. ऑटोफोकसवाला शेजारी फोटो मारून नेणार म्हटल्यावर बदलणं भाग होतं. हौशी माणसाचं तसं नव्हतं. त्याची लेन्स कालच्यासारखेच फोटो आजही काढत होती. मी काकांना विचारलं, "१९८७ ला तुम्ही काय केलंत?" म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही रे बंद झालं म्हणून!" २००३ पर्यंत आमच्या घरातली सगळी लग्नं, मुंजी याच बॅगेतून आल्यात.

गंमत पुढेच आहे. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स आलं, आरसाच काढून टाकलेले कॅमेरे. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये तर माउंट ते सेन्सर अंतर फक्त १८ मिमी, आणि सेन्सर पूर्ण ३५ मिमी फिल्मएवढा. ४२ वजा १८, उरले २४. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी, आत काच नाही काही नाही, आणि एफडी लेन्स पुन्हा डोंगरापर्यंत फोकस करायला लागली! फोकस अर्थात हातानेच. कॅननचा २०१८ चा आरएफ माउंटही २० मिमीचा, त्यामुळे ईएफवाल्यांना या वेळी साध्या अडॅप्टरवर भागवता आलं.

तर माझा हिशोब असा. एई-१ बॅटरीशिवाय शटरसुद्धा पाडत नाही. आतलं सर्किट गेलं की तो शोभेची वस्तू. एफडी लेन्समध्ये मात्र सर्किटच नाही. तेव्हा लेन्स ठेवायच्या, बुरशीपासून जपायच्या, एक जुना मिररलेस आणि एक नळी घ्यायची. पण नवीन एफडी लेन्स विकत घ्यायची नाही, मोह झाला तरी. आणि उद्या कोणी लग्नाची ऑर्डर दिलीच, तर मुकाट्याने ऑटोफोकस भाड्याने आणायचा.

बॅग घरी आणली आहे. काकांना फोन करून सांगितलं, विकत नाही म्हणून. "बरं," म्हणाले, आणि लगेच, "रोल कुठे मिळतो रे आता?"

असो. रोल शोधायला हवा.