मातीच्या बाहुल्यांचे घर

मुंबईची राणीची बाग पाहून आलेला माणूस वाघाच्या आणि हत्तीच्या गोष्टी रंगवून सांगतो. त्याच बागेच्या आवारातल्या खांबांच्या जुन्या इमारतीत तो शिरला होता का, असे विचारले की मात्र बहुधा आठवावे लागते. 'हो, तिथे मातीच्या बाहुल्या होत्या,' एवढे उत्तर मिळते. त्या बाहुल्यांच्या घराला आज ज्याचे नाव आहे तो माणूस मुळात आपल्याच मुलखाकडचा, आणि बाहुल्यांशी त्याचे नाते जन्माचे.

डॉ. भाऊ दाजी, म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड, यांचा जन्म १८२२ सालचा, गोवा आणि सावंतवाडी यांच्या सीमेवरच्या मुलखातला. घर गरिबीचे, वडील मातीच्या बाहुल्या विकून चरितार्थ चालवीत. पोराची बुद्धिबळातली चमक एका इंग्रज माणसाच्या नजरेस पडली, त्याने वडिलांना गळ घातली आणि भाऊंचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि ग्रँट मेडिकल कॉलेज असे टप्पे गाठत ते नामांकित डॉक्टर झाले. रोग्यांतून सवड काढून नाणी, ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या जमवायच्या, वाचायच्या, हा त्यांचा दुसरा संसार.

संग्रहालयाची कथा सुरू होते ती व्यापारापासून. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून विणकाम, धातुकाम, लाकूडकाम, कच्चा माल असे नमुने गोळा झाले. त्यांचेच जोडनमुने ठेवून घेऊन १८५७ साली कोटातल्या टाउन बराकीत एक संग्रहालय मांडले गेले. हिंदुस्थानात काय पिकते आणि काय घडते, हे व्यापाऱ्यांना दिसावे असा त्यामागचा हिशेब. पण त्याच वर्षी बंड पेटले, बराकी फौजेला हव्या झाल्या आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. पुष्कळ मोडल्या. कारागिराने दिवसच्या दिवस बसून केलेले काम हमालाच्या एका हेलपाट्यात गेले!

पुढच्या वर्षी राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला. त्याचे स्मारक म्हणून संग्रहालयाला स्वतःची इमारत बांधावी असे ठरले. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी चिटणीसपद सांभाळले. नाना शंकरशेट यांच्यासारखे थोर नागरिक पाठीशी उभे राहिले. पैसा वर्गणीचा. १८६२ साली भायखळ्यास पायाभरणी झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ साली ते युद्ध संपले, सट्टेबाजारातले फुगे फुटले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि स्मारकाचे काम रखडले. त्याच वर्षी नानाही गेले. शेवटी सरकारी मदतीने इमारत उभी राहिली आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' या नावाने ती लोकांना खुली झाली. दोनच वर्षांनी भाऊ निवर्तले. पाटीवर अर्थातच राणी आणि तिचा नवरा!

इमारत झाली, पण कष्टकऱ्याने ती पाहायची कधी? आसपास गिरण्या उठत होत्या आणि गिरणीकामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन बागेत जावे, प्राणी पाहावेत, बाहुल्यांचे घर पाहावे, ही आज अगदी साधी वाटणारी गोष्ट अशी लढून मिळालेली आहे.

आणि आत पाहायचे काय? निरनिराळ्या जातिजमातींचे पेहराव, पगड्यांचे प्रकार, खेळ, धंदे. हाताएवढ्या मातीच्या माणसांत सारे उभे केलेले. यांतले बरेचसे काम विसाव्या शतकाच्या आरंभीचे, सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे प्रमुख या संग्रहालयाचेही काम पाहत असतानाचे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हीही नमुन्यांचीच मांडणी, फक्त आता माणसांचे नमुने. पण गंमत अशी की, कपाटाच्या काचेपुढे रविवारी जो उभा राहिला त्याला तिथे आपला आजा दिसला, आपल्या गावचा कुंभार दिसला. साहेबाने परक्यांसाठी लावलेला आरसा, त्यात आपल्याच माणसांनी आपले तोंड पाहिले.

बाहेर अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ च्या सुमारास तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यंत्र मोडले, हत्ती खाली पडून फुटला. १९१४ साली तुकडे सांधून तो उभा करण्यात आला. १९६५ साली काळ्या घोड्यावरचा राजपुत्रही कोटातून उचलून याच बागेत आणला गेला. राज्ये जातात, पुतळे बागेत येतात. १९७५ साली संग्रहालयाच्या पाटीवरचीही राणी उतरली आणि बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचे नाव चढले. २००३ पासून इमारतीची कसून डागडुजी झाली आणि २००८ च्या जानेवारीत तिची दारे पुन्हा उघडली.

एक हिशेब मात्र उरतोच. गव्हर्नर, चिटणीस, देणगीदार यांची नावे इतिहासाने राखली. ज्यांच्या बोटांनी ती माती घडवली त्या बहुतेकांची नावे कुणी जपली नाहीत. गोकाकची रंगीत फळे, खानापूरची मडकी, सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आपल्या घरात आहेत. मुंबईच्या कपाटातल्या कारागिराचे नाव आता शोधूनही हाती लागणे कठीण. आपल्या फडताळातल्या बाहुलीचे तसे नाही. ती करणाऱ्याचे घर अजून चार-दोन मैलांवर असेल. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिथवर जावे, आणि त्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेवावे.