हिमोग्लोबिनचे आडबंध आणि चांद्याची वनभूमी

चंद्रपूर व गडचिरोली हे सन १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. तेथील गोंड, माडिया, परधान आदी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार आणि पाश्चात्त्य रसायनज्ञांचा कृत्रिम रक्ताचा खटाटोप, यांचा परस्परसंबंध सकृद्दर्शनी जाणवत नाही. परंतु त्या खटाटोपातील एका प्रमुख रसायनाचा उगम याच विकारावरील उपायाच्या शोधात आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

दोन्ही प्रवाहांच्या दृष्टीने १९४९ हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच दोष असल्याचे दाखविले. प्राणवायू सोडल्यावर असे सदोष रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे तंतू बनतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. त्याच वर्षी विल्यम अँबरसन प्रभृतींनी पेशीबाहेर काढलेले हिमोग्लोबिन लवणद्रवातून रुग्णांस दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. प्राणवायूचे वहन होई, पण मूत्रपिंडांस अपाय होई. पेशीबाहेर येताच चार साखळ्यांचा हा रेणू दुभंगतो आणि त्याचे अर्धे तुकडे मूत्रपिंडांत उतरतात. शिवाय पेशीतील साहाय्यक द्रव्याच्या अभावी तो प्राणवायू सहजासहजी सोडीत नाही.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळ 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. १९८०च्या दशकात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील या विकाराकडे लक्ष वेधले.

दरम्यान, १९७३ साली अमेरिकेतील अरविंग क्लॉट्झ यांनी ॲस्पिरिनचा सिकल हिमोग्लोबिनशी रासायनिक संयोग होतो असे दाखविले. त्याच धाग्याने वॉल्डर, क्लॉट्झ प्रभृतींनी १९७९ मध्ये ॲस्पिरिनचे जोडरेणू, म्हणजे 'डायास्पिरिने', तयार केली. ती दोन बीटा साखळ्यांमध्ये आडबंध घालीत. पेशीस विळ्याचा आकार येऊ न देणे हा त्यामागील हेतू होता. पुढे प्राणवायूरहित अवस्थेत तोच संयोग घडविला असता आडबंध दोन अल्फा साखळ्यांच्या ९९व्या लायसिनांमध्ये पडतो, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. आता रेणू दुभंगेना, आणि प्राणवायूही योग्य प्रमाणात सोडू लागला.

येथून हे रसायन सिकलसेलपासून दूर जाऊन जखमी सैनिक व अपघातग्रस्त यांच्याकडे वळले. बॅक्स्टर कंपनीच्या 'हेमअसिस्ट'ची अपघातग्रस्तांवरील चाचणी १९९८ मध्ये थांबवावी लागली: औषध मिळालेल्या ५२ जणांपैकी २४ दगावले, तुलनागटातील ४६ पैकी ८. मुक्त हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते व त्या आकुंचन पावतात, हे अशा अपायाचे एक प्रमुख कारण मानले जाते. पेशीचे आवरण काय काम करीत होते, ते असे उमगले.

खोलीच्या तापमानात दीर्घकाळ टिकणारा प्राणवायुवाहक ही भामरागडसारख्या तालुक्यास मोठीच देणगी ठरली असती. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तेथील रस्ता बंद पडतो, आणि रक्तपिशवी तर शीतपेटीतही ४२ दिवसांपलीकडे टिकत नाही. ती देणगी अद्याप हाती आलेली नाही. म्हणून २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातील रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि रक्तदाता हेच येथील रुग्णाचे खरे आधार होत. ज्यांच्या व्याधीतून हे शास्त्र निघाले, त्यांच्यापर्यंत ते परत पोहोचविण्याचे कार्य अद्याप शिल्लक आहे.