वाफेचे इंजिन आणि लोखंडी रूळ : प्रारंभिक रेल्वेच्या विकासाचा पुनर्विचार (१८०४-१८३०)

प्रस्तावना :
‘रेल्वे इंजिनाचा शोध जॉर्ज स्टीफन्सन यांनी लावला’ हे विधान आपल्याकडे वर्षानुवर्षे गिरविले जाते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. स्टीफन्सन यांचे पहिले इंजिन १८१४ चे. त्याच्या दहा वर्षे आधी रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे इंजिन रुळांवरून धावले होते. मग ट्रेव्हिथिक यांच्या प्रयोगातून रेल्वे का उभी राहिली नाही? याचे उत्तर इंजिनापेक्षा रुळांत अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पेनिडॅरनचा प्रयोग :
जेम्स वॉट यांच्या पेटंटची मुदत १८०० मध्ये संपली. वॉट यांची इंजिने कमी दाबाच्या वाफेवर चालणारी व अवजड होती. ट्रेव्हिथिक यांनी उच्च दाबाची वाफ वापरून आटोपशीर परंतु शक्तिशाली इंजिन तयार केले. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी दक्षिण वेल्समधील पेनिडॅरन येथून १० टन लोखंड व सुमारे ७० माणसे घेऊन ते ९ मैलांहून अधिक अंतर चालले. तथापि तो मार्ग घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांसाठी बांधलेला होता. इंजिनाच्या भाराखाली बिडाचे ठिसूळ रूळ तुटू लागले आणि अखेर इंजिन मार्गावरून काढून घ्यावे लागले.

रुळांचा प्रश्न :
जॉन बर्किनशॉ यांनी १८२० मध्ये बेडलिंग्टन येथे घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. स्टीफन्सन हे स्वतः १८१६ पासून बिडाच्या सुधारित रुळांच्या एका पेटंटचे भागीदार होते. तरीही स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गासाठी त्यांनी घडीव रुळांचीच शिफारस केली. २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झालेल्या या मार्गाच्या मोठ्या भागावर हेच रूळ होते. स्टीफन्सन यांचे खरे मोठेपण या निर्णयात दिसते.

पुढे ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथील स्पर्धेत ‘रॉकेट’ने ५०० पौंडांचे पारितोषिक जिंकले. त्याच्या बॉयलरमधील २५ तांब्याच्या नळ्यांमुळे वाफ झपाट्याने तयार होई. ही कल्पना हेन्री बूथ यांनी सुचविली होती, तर इंजिनाची बांधणी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या देखरेखीखाली झाली. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. तिचे दर यार्डास ३५ पौंड वजनाचे घडीव रूळही वाढत्या वजनाच्या इंजिनांपुढे लवकरच अपुरे पडले. म्हणजेच इंजिन पुढे जाई आणि रुळाला त्याला गाठावे लागे.

निष्कर्ष :
रेल्वे ही एका व्यक्तीची निर्मिती नसून इंजिन, रूळ व धातुविद्या यांच्या परस्परावलंबी विकासाचे फलित आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या गाडीमागे पेनिडॅरनपासूनची ४९ वर्षे उभी होती. विद्यार्थ्यांना शोधकाचे नाव सांगताना ते तुटलेले रूळही सांगावयास हवेत. कारण अपयशाची कारणे वगळली की इतिहास केवळ नामावली होऊन उरतो.