जुन्या खेळाचा मूळ पाठ

ग्रंथकाराच्या हातची प्रत सांपडली म्हणजे पाठभेदांचा वाद मिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. संगणकावरील जुन्या खेळांच्या बाबतींत ही समजूत कशी फसते, याचा चांगला दाखला ‘डूम’ या खेळाच्या इतिहासांत मिळतो. तो वाचकांपुढें मांडण्याचा आमचा मानस आहे.

अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या कंपनीनें हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजीं प्रसिद्ध केला. लोकांच्या हातीं पडला तो केवळ यंत्रास कळणारा अंकसमूह. ज्यास सोर्स कोड म्हणतात ती मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली कर्त्यांपाशींच राहिली. पुढें २३ डिसेंबर १९९७ रोजीं जॉन कारमॅक यांनीं ती सर्वांस खुली केली. हें औदार्य मोठें खरें. परंतु तिच्यावरून जुना खेळ जसाच्या तसा उभारूं पाहणारांस तीन अडचणी आल्या.

पहिली मालकीची. डॉसवरील खेळांतील ध्वनीचा भाग परक्या मालकीचा असल्यामुळें तो प्रसिद्ध करतां येईना. म्हणून खुली झाली ती लिनक्सवरील आज्ञावली. दुसरी आवृत्तीची. या आज्ञावलींत क्रमांक नोंदलेला आहे १.१०, आणि डॉसवरील खेळ तर १.९ वरच थांबला होता. तिसरी साधनांची. मूळ खेळ वॉटकॉम नांवाच्या कंपायलरनें यंत्रभाषेंत उतरविलेला होता. कंपायलर बदलला कीं तींच वाक्यें निराळे अंक होऊन बाहेर पडतात.

इतक्यानें बिघडलें काय, असें कोणी विचारील. या खेळांत खेळलेल्या डावाची नोंद ठेवतां येते. पण तींत चित्रें नसतात, सेकंदास ३५ वेळां टिपलेल्या खेळाडूच्या हालचाली तेवढ्या असतात. दैवाचे फांसेही २५६ अंकांच्या ठराविक कोष्टकांतूनच पडतात. त्यामुळें खेळ तोच असेल तर जुना डाव शेवटपर्यंत तसाच उलगडतो. तिळभर फरक असला तर नोंदींतला वीर भिंतीवर डोकें आपटीत राहतो.

आतां खरी मेख पाहा. दारें, सांपळे इत्यादि चालविणाऱ्या विशेष रेषांपैकीं एका पावलांत ओलांडल्या जाणाऱ्या ८ रेषांपुरतीच जागा कर्त्यांनीं राखली होती. नववी आली कीं ती शेजारच्या स्मृतींत घुसते. आणि शेजारीं काय असावें, हें आज्ञावलींत कोठेंच लिहिलेलें नाहीं. तें ठरविलें कंपायलरादि साधनांनीं. म्हणूनच सायमन हॉवर्ड यांनीं २००५ सालीं पुढें आणलेल्या ‘चॉकलेट डूम’मध्यें या चुकीची मुद्दाम नक्कल केलेली आढळते.

सुधारक ती चूक दुरुस्त करील; इतिहासकारानें ती जपलीच पाहिजे, असें आमचें मत आहे. कृतीचा पाठ एकट्या कर्त्याच्या लेखणींत नसतो. तो उसन्या भागांत, विसरलेल्या साधनांत आणि अपघातांतही असतो. आज्ञावली मिळाली म्हणून जुन्या तबकड्या व जुने कंपायलर टाकून देणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. कारण हस्तलिखित हातीं असूनही अखेर साक्ष त्यांचीच काढावी लागते.