पावसाळ्यात तडकलेली काडतुसे : एका पितळी पुंगळीचा इतिहास

१/
काडतूस म्हटले की १८५७ आठवते : दमदमची चरबी लावलेली काडतुसे आणि बराकपूरचा मंगल पांडे. ते काडतूस कागदाचे होते. पुढे काही दशकांतच हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करापुढे काडतुसांचाच दुसरा प्रश्न उभा राहिला. आता काडतूस पितळेचे होते आणि ते न झाडताच, पडल्या जागी तडकत होते.

२/
या तड्याचा उलगडा होण्यास १९२१ साल उजाडावे लागले. तोवर जगातील बहुतेक सैन्यांच्या शिध्यात पितळी काडतूस येऊन स्थिरावले होते. कारण हाती लागले तेव्हा उपायही सापडला. त्या उपायाची खूण आजच्या लष्करी काडतुसावरही नुसत्या डोळ्यांनी दिसते.

३/
प्रथम काडतुसाची रचना. पुढे गोळी, आत दारू, तळाशी ठिणगी देणारा प्राइमर आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. चाप ओढताच आत प्रचंड दाब निर्माण होतो. आधुनिक रायफलीत तो चौरस इंचाला ४० हजार पौंडांच्याही वर जातो.

४/
त्या क्षणी पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे सैनिकाच्या तोंडावर येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि सुटून बाहेर येते. ताणले जाणे आणि पुन्हा आकसणे, हे दोन्ही जमणारा धातू हवा. तो शोधताना बरीच किंमत मोजावी लागली.

५/
अमेरिकी घोडदळाने आरंभी तांब्याच्या पुंगळ्या वापरल्या. तांबे मऊ, ते ताणले जाते, पण पुरेसे आकसत नाही. तापलेल्या चेंबरमध्ये अशी पुंगळी अडकते आणि बाहेर खेचणारा आकडा तिची कडाच फाडून काढतो. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या तुकडीचा संहार झाला, तेव्हा पराभवाचे खापर या पुंगळ्यांवरही फोडण्यात आले.

६/
शंभरहून अधिक वर्षांनी, १९८३ मध्ये, त्या रणभूमीवरील गवत वणव्यात जळाले आणि पुरातत्त्वज्ञांना जमीन शोधता आली. सापडलेल्या पुंगळ्यांपैकी फार थोड्यांवर त्या अडकून ओढून काढल्याच्या खुणा होत्या. दोष खरा होता. पराभवाचे मुख्य कारण म्हणून तो पुरेसा नव्हता. पुंगळीनेच पुंगळीविषयीची आख्यायिका दुरुस्त केली.

७/
ब्रिटिशांचा मार्ग वेगळा होता. वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास पातळ पितळी पत्रा गुंडाळून पुंगळी तयार केली. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीलाही याच धर्तीचे काडतूस मिळाले. कारखान्यात स्वस्त पडणारी ही गुंडाळी सुदानच्या वाळवंटात सैनिकांना महाग पडली.

८/
१७ जानेवारी १८८५, अबू क्ली. खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेवर महदीच्या सैन्याने हल्ला चढवला. वाळू, उष्णता आणि काळ्या दारूची काजळी यांत पत्र्याच्या पुंगळ्या फाटू लागल्या, चेंबरमध्ये रुतू लागल्या. ब्रिटिशांचा चौकोन फुटला. कर्नल फ्रेड बर्नाबी मारला गेला.

९/
यानंतर गुंडाळलेल्या पत्र्याचे दिवस भरले. त्याची जागा अखंड पितळातून ओढून काढलेल्या पुंगळीने घेतली. मिश्रण साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पितळाची चकती दाबून प्रथम वाटी करायची, मग ती साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करायची आणि शेवटी तोंड आवळून गळा घडवायचा.

१०/
येथे तांबटाचे ज्ञान कामी येते. ठोकून ठोकून तांबे-पितळ कडक होते. आणखी ठोकले तर चिरते. म्हणून तांबट भांडे मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. पुंगळ्यांच्या कारखान्यातही ओढण्याच्या टप्प्यांमध्ये हेच केले जाई. परंतु शेवटचा गळा आवळला की त्या भागात एक ताण कोंडून राही. तो बाहेरून दिसत नसे.

११/
आता हिंदुस्थान. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि काडतुसे उघाड होईपर्यंत साठवून ठेवली जात. धातुशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले जाते की यांतील पुष्कळ साठा तबेल्यांत ठेवलेला असे. पाऊस सरल्यावर पाहावे तो पुंगळ्यांना चिरा. विशेषतः जेथे पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळलेले असते, त्या गळ्यावर.

१२/
इंग्रजीत या विकाराला ऋतूशी जोडलेले नाव पडले. मराठीत त्याला ‘ऋतुभेग’ म्हणता येईल. नावाने केवळ वेळ सांगितली, कारण सांगितले नाही. चीर पाहून शंकेला वाटा अनेक होत्या : पितळात भेसळ असेल, कारखान्यात हयगय झाली असेल, दमटपणाने गंज चढला असेल. गंमत अशी की चिरलेली पुंगळी बाकी सर्वत्र धडधाकट दिसे. साधा गंज असा निवडून, एका रेषेत चालत नाही.

१३/
आणि हा प्रश्न किरकोळ नव्हता. चिरलेल्या गळ्याचे काडतूस दमट हवा आत घेते. दारू बिघडते, गोळी सैल होते. झाडल्यावर वायू चिरेतून निसटतो. सैनिकाला हे चकमकीच्या ऐन क्षणीच कळणार. ज्या काडतुसाने अजून शत्रू पाहिलेला नाही, ते पेटीतच निकामी झालेले असे.

१४/
१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी कोडे सोडवले. गुन्हेगार दोन होते आणि ते एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नव्हता. पहिला, पितळात कोंडलेला ताण. दुसरा, घोड्यांच्या मुतापासून तबेल्याच्या हवेत पसरणारा अमोनिया. नवसागर टाकून कल्हई करताना नाकाला झोंबणारा जो उग्र दर्प येतो, तो याच्याच नात्यातला.

१५/
अमोनिया, ओलावा आणि हवेतील प्राणवायू मिळून तांब्यावर हल्ला करतात. पितळ हे असंख्य सूक्ष्म कणांचे बनलेले असते. हा हल्ला प्रामुख्याने त्या कणांमधील सांध्यांतून आत शिरतो. ताण नसेल तर तो वरवरच राहतो. ताण असेल तर सांधा उघडतो, टोकाशी ताण आणखी एकवटतो आणि चीर स्वतःच पुढे सरकते.

१६/
पावसाळ्याने ओलावा दिला, घोड्यांनी अमोनिया दिला आणि ताण कारखान्यातून आला होता. तिन्ही एका छताखाली आणली ती सोयीच्या साठवणुकीने. यांतील एक जरी काढून घेतले तरी चीर थांबते. तबेल्यातून पेट्या हलवणे हा अर्धा उपाय. हवेतला अमोनिया सगळीकडे टाळता येत नाही. म्हणून पुरा उपाय पितळातच करावा लागला.

१७/
तो उपाय म्हणजे बेताची ऊब. पितळ सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवले की कोंडलेला ताण बऱ्याच अंशी सुटतो, पण आवश्यक कडकपणा टिकून राहतो. अधिक तापवले तर पुंगळी मऊ पडते, आणि तळ मऊ पडलेली पुंगळी दाबापुढे टिकत नाही. म्हणून गळ्याला अधिक आच द्यायची आणि तळाला ती लागू द्यायची नाही, अशी रीत रुळली.

१८/
आज लष्करी काडतुसाच्या गळ्याजवळ जी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती डाग नव्हे. ती या आचेची खूण आहे. विक्रीच्या काडतुसांवर ती अनेकदा पुसून चकचकीत केली जाते. लष्करी काडतुसांवर बहुधा तशीच ठेवतात, कारण ती पाहून गळा तापवला गेल्याची खात्री पटते.

१९/
पुंगळीचा आणखी एक शत्रू आतच दडलेला होता. जुन्या प्राइमरमध्ये पाऱ्याचे स्फोटक संयुग असे. बार झाल्यावर सुटणारा पारा पितळात शिरून त्याला ठिसूळ करी. काळ्या दारूची भरपूर काजळी असताना त्याचा प्रभाव मर्यादित राही. धूरविरहित दारू आली आणि तो उघड झाला. झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांना याची झळ सर्वांत आधी लागली.

२०/
असे पुनर्भरण अमेरिकेत जुने. १८७० च्या दशकात गव्यांचे शिकारी तळावरच रिकाम्या पुंगळ्या भरत, आणि आजही तेथे पुष्कळ नेमबाज घरी हे काम करतात. इतिहासाची थट्टा अशी की त्यांचा सोयीचा प्राइमर इंग्रज बॉक्सरच्या नावाचा, तर युरोपात रुळलेला प्राइमर अमेरिकी हायरम बर्डनच्या नावाचा. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा बनवता येत नाही.

२१/
या पुनर्भरण करणाऱ्यांनी चिरांची भाषाच शिकून घेतली. गळ्यावर उभी चीर : धातू वारंवार फुगून-आवळून कडक झाला, किंवा ऋतुभेग. तळाच्या थोडे वर चकाकणारी आडवी रेघ : भिंत ताणून पातळ झाली, पुढच्या बाराला पुंगळी दुभंगेल. प्राइमर सैल : तळ अतिदाबाने पसरला. चिरलेली पुंगळी दुरुस्त होत नाही. ती मोडीत टाकायची. आणि अमोनिया असलेल्या द्रवाने पितळ चमकवायचे नाही. तबेल्याचा धडा येथवर पोहोचला.

२२/
पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. काडतुसांच्या तळावरील त्याची ‘केएफ’ ही मोहोर जगभरच्या संग्राहकांना ओळखीची आहे. पितळ, दमट हवा आणि जनावरांच्या पागा हे तिन्ही या मुलखाच्या परिचयाचे. म्हणून ही कथा वाटते तितकी परकी नाही.

२३/
ताण आणि रसायन मिळून धातू फोडतात, हे सूत्र पुढे पितळी नळांपासून वीजकेंद्रांतील बाष्पनलिकांपर्यंत लागू पडले. काडतुसावरचा तो तडा ज्यांनी कारखान्याच्या किंवा शिपायाच्या माथी न मारता शेवटपर्यंत तपासला, त्यांच्यामुळे ते हाती आले. संग्रहालयात जुने काडतूस दिसले तर गोळीच्या आधी त्याचा गळा पाहावा. पुंगळीची हकीकत बहुधा तेथेच उमटलेली असते.

#इतिहास #मराठीथ्रेड